मापाला उभ्या मामी

माझ्या नवऱ्याच्या मामांइतका माणसांना वैतागलेला छायाचित्रकार अख्ख्या बेंगळुरूत सापडणार नाही. येलहंक्याच्या पुढे एक जुनी बाग आहे, चारी बाजूंनी दगडी तट असलेली. आत चिंचा, आंबे, कोरडी पुष्करणी आणि लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला आलेली जोडपी. मामांना यातलं काहीच दिसत नाही. गेली तीस वर्षं ते दर रविवारी जाऊन फक्त भिंतीचे फोटो काढतात. कॅमेरा अजून रोलचा. एका वेळी दहा पावलांचा तुकडा, आणि मनासारखं ऊन मिळेपर्यंत बटण दाबायचं नाही. एका तुकड्याला असे दहा-बारा फोटो लागतात, त्यामुळे वर्षाकाठी एखादाच तुकडा पुरा होतो. एकदा एक नवरदेव चुकून मध्ये आला, तर मामा त्याला म्हणाले, "स्वल्प बाजूला हो रे अप्पा. तुझं लग्न उद्याही होईल, हे ऊन जाईल!"

भिंतीची उंची कळावी म्हणून प्रत्येक तुकड्यापाशी मामींना उभं करायचं, पाठ कॅमेऱ्याकडे. "चेहरा दिसला की लोक दगड बघत नाहीत," हा मामांचा सिद्धांत. मामीही निवांत. भिंतीकडे तोंड करून पिशवीभर अवरेकाईच्या शेंगा सोलून होत.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार, म्हणून मी कामांची यादी केली. हॉल, जेवण, हार झाले; 'मामींचा मोठा फोटो' हा चौथा मुद्दा अडला. घरात अल्बम चौदा, सगळे भिंतीचेच; ते चाळले. मामींची वेणी, मग अंबाडा, मग पांढरा अंबाडा. चेहरा एकाही पानावर नाही!

"मामा, समारंभ पंधरा दिवसांवर आलाय. त्यांचा एक फोटो काढा."

"भिंतीचा शेवटचा तुकडा राहिलाय गं. तो होऊ दे."

रविवारी मीच दोघांना गाडीत घातलं. मामी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण ऊन येईपर्यंत गुडघ्यांनी दगा दिला. "अहो, मला टेकू द्या जरा," म्हणत त्या वळल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. पदराने घाम पुसला, कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. "सरी ना? चालेल ना अशी? की दगड झाकले मी?"

मामांनी कॅमेऱ्याचं भिंग फिरवलं. मग खट्. पुन्हा खट्. एका फोटोसाठी महिना घालवणाऱ्या माणसाने उरलेला रोल तिथल्या तिथे संपवला.

"भिंत नीट आली ना, मामा?" मी विचारलं.

"कुठली भिंत?"

समारंभात तो फोटो सगळ्यांनी पाहिला. मागची भिंत पार धूसर आली होती. अल्बमचं शेवटचं पान अजून कोरंच आहे. मामींना आता बागेत चालवत नाही. मामा रविवारी कॅमेरा पुसून ठेवून देतात. मध्यंतरी मी म्हटलं, चला, मी उभी राहते.

"तू उंच आहेस गं," मामा म्हणाले. "भिंत खोटी दिसेल."