मिस्त्रींच्या चुन्यात गूळ

इब्राहिम मिस्त्री गेल्याचं मला कुणी तोंडानं सांगितलं नाही. फेब्रुवारीत त्यांची मुलगी जिना चढून वर आली, त्यांची थापी माझ्या हातात दिली. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी. पण मिस्त्रीची थापी घरातलं माणूस कधी देऊन टाकतं, ते मला कळतं.

अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे येऊन मला तीन वर्षं झाली होती. दिवसभर घरात मी आणि फ्रीजचा आवाज. मिस्त्री बोस्नियातल्या लढाईतून जीव वाचवून मुलीकडे, आमच्या खालच्या मजल्यावर आले होते. लाँड्रीच्या खोलीत मशीनमधून धुतलेले कपडे काढताना त्यांचं माझ्या हातांकडे लक्ष गेलं आणि त्यांनी आपले हात पुढे करून दाखवले. चुन्यानं खाल्लेली बोटं, माझ्यासारखीच. चौथीतून शाळा सुटल्यावर मी बांधकामावर चुनाच मळला आहे.

बाकीचं त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून माझी नात सांगायची. त्यांच्या गावात तुर्की सुलतानांच्या वेळची, चारशे वर्षांची मशीद होती. भूकंपात घुमटाला गेलेली चीर त्यांच्या आजोबांनी बुजवली, भिंतींचा गिलावा वडिलांनी नवा केला, पुढची बारीकसारीक डागडुजी मिस्त्रींची. लढाईत ती सुरुंग लावून उडवली. आता गावातला त्यांचा पुतण्या ती पुन्हा उभी करायची म्हणत होता आणि जुन्या गिलाव्यात काय काय पडायचं ते विचारत होता. जाणणारे एकटे मिस्त्री उरले होते, आणि चुना, वाळू, बकरीचे केस घालून केलेला त्यांचा प्रत्येक नमुना तडकत होता. काहीतरी विसरलोय, म्हणायचे.

"गूळ घाला, मिस्त्री," मी म्हटलं. आमच्याकडे चुन्यात गूळ घालायचे.

"मशीद आहे आजी, मिठाई नाही," त्यांनी नातीकडून टोमणा पोचवला. मी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. तो चघळता चघळता ते थांबले... द्राक्षांचा आटवलेला पाक. आजोबा तो चुन्यात ओतायचे, आणि चाटायला आलेल्या पोरांना हाकलायचे. हे ते साठ वर्षं विसरले होते. मुलीनं तसा पाक शोधून आणला, आम्ही एका ताटलीत नमुना थापला. नखाची रेघ उठेनाशी होईल तेव्हाच पुतण्याला कळवायचं, हा त्यांचा हुकूम. असा चुना पक्का व्हायला महिने लागतात. मिस्त्री तेवढे थांबले नाहीत.

ताटली माझ्या खिडकीत होती. रोज सकाळी मी नख ओढून बघायची. काल रेघ उठली नाही. जोर लावला तर नखच तुटलं. नातीला बसवून, मिस्त्रींनी देऊन ठेवलेल्या पत्त्यावर पुतण्याला पत्र लिहवलं: चुना किती, वाळू किती, केस किती, पाक किती.

"कूल, आजी," म्हणाली आणि टीव्हीकडे गेली.

मी ताटली घेऊन जिना उतरले. मिस्त्रींची मुलगी गेल्या महिन्यातच घर सोडून गेली, हे मला ठाऊक होतं, तरी उतरले. दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. ताटली घेऊन परत वर आले.