मेहुण्याची गाडी आणि माझा चेसिस नंबर

माझ्या मेहुण्याची गाडी चोरीची आहे, असं मी जाहीर केलं तेव्हा मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत अकरा माणसं जमली. (बारावा मेहुणा.)

विलास हा माझ्या बायकोचा, सुमनचा, धाकटा भाऊ. राधानगरीकडं त्याचा दुधाचा धंदा. दुधाच्या कॅनसाठी त्यानं मोठी गाडी घेतली आणि बहिणीला फोन केला, "आक्का, धाकली गाडी तुमीच वापरा. परक्याला द्यायला जीव हुईना." सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात शंका आली. मी सव्वीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवतोय. पडताळा घेतल्याशिवाय मी चहात साखरसुद्धा मान्य करत नाही!

मग आठवडाभर मी मोबाइलवर एकच विषय घोटला. चेसिस नंबर! गाडीच्या पत्र्यावर कोरलेली सतरा आकडे-अक्षरं म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच. सुरुवातीवरून गाडी कुठल्या देशात बनली ते कळतं. आपल्याकडच्या गाड्यांचा नंबर बहुतेक 'एम'नं सुरू होतो. दहाव्या जागेवरून बऱ्याच कंपन्यांच्या गाडीचं वर्ष निघतं. आणि आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात नसतातच, कारण माणूस एक आणि शून्य यांच्याशी त्यांचा घोळ घालतो. माणूस घोळ घालतो हे नंबर बनवणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, एवढंच.

रविवारी सकाळी विलास गाडी घेऊन आला. गाडी धुतलेली, आरशाला झेंडूची माळ, हातात दुधाची किटली. मी पेन्सिल, बॅटरी आणि कागदाची पट्टी घेऊन दारातच उभा.

"दाजी, आधी च्या तरी घेऊया की!"

"आधी बॉनेट उघडा."

लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तशी मी त्या नंबरावर घासली. पट्टीवर छाप उमटला. पायरीवर बसलो, चष्मा लावला आणि वाचायला लागलो. पहिला आकडा नऊ, दुसरा आठ. मोबाइलमधला तक्ता काढला आणि माझ्या अंगावर काटाच आला.

"विलासराव, ही गाडी ब्राझीलची आहे!"

"व्हय?" विलास गाडीकडं बघतच राहिला. "दाजी, ती कागलच्या फुडं कवा गेली न्हाय!"

काही अक्षरं जरा विचित्र दिसत होती, नाही असं नाही. एक 'ए' पाय वर करून पडला होता. पण सव्वीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला अक्षराचं काय कौतुक! तो मी 'व्ही' धरला. दहाव्या जागी 'एच' निघाला. म्हणजे गाडी विलासनं सांगितल्यापेक्षा पाच वर्षं जुनी! मग आरसी मागून घेतली आणि ताडून पाहिली. सतरापैकी सतरा चूक!

"कागदावर एक नंबर, गाडीवर दुसरा! विलासराव, ही चोरीची गाडी आहे!"

माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आहे. तो कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत गेला. माणसं जमली.

"अहो, हळू!" सुमन म्हणाली.

"हळू काय? उद्या पोलीस आले तर?"

"पोलीस कशाला? तुम्हीच पुरे की!"

विलासनं किल्ली पायरीवर ठेवली, "आक्का, येतो म्या," म्हणाला आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला. सुमन रडली असती तर मी समजूत काढली असती. ती फक्त म्हणाली, "आज तुम्ही माझं माहेर बंद केलंत." आणि किटली घेऊन आत गेली.

तेवढ्यात गर्दीतून शिंदे पुढं आले. समोरच राहतात, लोकांची आरटीओची कामं करतात. असले छाप त्यांनी हजारांनी काढलेत. त्यांनी माझ्या हातातली पट्टी बघितली, मग मला बघितलं. मग पट्टी माझ्या बोटांतून अलगद काढली, गोल फिरवली आणि परत बोटांत ठेवली.

"आता वाचा, सर."

एम... ए... सगळा नंबर आरसीशी जुळला, शेवटच्या शहाऐंशीपर्यंत! मी तेच शहाऐंशी उलटं धरून अठ्ठ्याण्णव वाचलं होतं. गल्ली माझा आब राखून हसली नाही. साधारण तीन सेकंद!

मी स्कूटर काढली आणि स्टँड गाठलं. विलास राधानगरीच्या एसटीत खिडकीशी बसला होता. आत चढलो.

"विलासराव, चुकलं माझं. मी पट्टी उलटी धरली."

तो खिडकीबाहेरच बघत होता. मी पहिल्यापासून समजावून सांगितलं. सहाचा नऊ कसा होतो तेही, हातवारे करून. आख्खी एसटी ऐकत होती. पुढच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "मास्तर दिसतोय बिचारा."

"पावणं, तिकीट," कंडक्टर म्हणाला.

"मला जायचं नाही. मी फक्त माफी मागायला आलोय."

"मग रंकाळा मागं पडंस्तवर काय केलासा? हाफ माफी, फुल तिकीट! काढा!"

मी वाटेतल्या हळदी गावाचं तिकीट काढलं. तेवढ्यात सुमनचा फोन आला. "कुठं आहात?"

"पुईखडी चढतोय."

"विलास बोलला का?"

"अजून नाही."

"मग उतरू नका."

पुईखडीचा चढ संपला तसा विलास माझ्याकडं वळला. चेहरा शांत होता. मला वाटलं, आता चार शब्द सुनावणार, आणि ते मी ऐकून घेणार.

"दाजी, राग न्हाय माझा. गाडी आक्काचीच हाय," तो म्हणाला. "फकस्त एक सांगा. आमी तुमास्नी बगाय आलतो, तवा कुठं उलटं-पालटं करून बगितलतं? जसं हुता तसं घेतलं की!"

म्हातारी हसली, कंडक्टर हसला, शेवटी मीही हसलो. घरी आल्यावर मोठ्या कौतुकानं हे सुमनला सांगितलं.

ती हसली नाही. म्हणाली, "तिथंच चुकलं आमचं."