आवळमास्तरांची पिवळी रेघ

आमच्या ह्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे म्हणतात आवळमास्तर. नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपांवर, पण जीव सगळा त्या जुन्या जीपमध्ये. लिलावात घेतलेली, चारही चाकांना जोर लागणारी, आणि मला विचाराल तर माझी सवतच. तिच्यापायी माझे किती टॉवेल ग्रीसमध्ये गेले ते विचारूच नका.

डोंगरात आणि नदीपात्रात गाड्या घालणाऱ्यांची एक टोळी आहे आमच्याकडे. त्यातलं कोणीही अडलं की फोन ह्यांना. जेवता जेवता हे सांगत बसायचे. मोठे टायर घालायचेत? आधी गिअरचं बघ, नाहीतर क्लच जाळून घेशील. गाडी उंच केलीस ना, मग चाक लोंबकळू दे आणि ब्रेकचा पाईप ताणला जातोय का ते बघ. खोल पाण्यातून आलास की डिफरन्शियलचं तेल काढून बघ, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. वाळूत हवा कमी कर, पण पक्क्या रस्त्यावर आलास की भर, आळस करू नकोस. तोवर माझं वाढलेलं गार व्हायचं. समोरचा वाद घालायला लागला की ह्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, आधी आवळ, मग बोल. नाव पडलं ते त्यावरून.

ह्यांची एक पद्धत होती आणि तिच्याबाबत ह्यांनी कोणाचं म्हणजे कोणाचं ऐकलं नसतं. गाडीखाली स्प्रिंगचे नवे पाटे बसवले की ते ॲक्सलशी, म्हणजे चाकांच्या आसाशी, बांधून ठेवणारे यू-बोल्ट आवळायचे आणि नटांवर पांढरी रेघ ओढायची. पण नवे पाटे शंभरेक किलोमीटर चालले की दबतात, आणि आज घट्ट असलेला नट तेव्हा घट्ट राहत नाही. म्हणून तेवढं चालवून गाडी परत आणायची, ठरलेल्या जोराला टक् वाजणाऱ्या लांब पान्यानं नट पुन्हा आवळायचे, आणि पांढरीशेजारी पिवळी रेघ ओढायची. पिवळी रेघ नसेल तर गाडी डोंगरात जाणार नाही. टोळीतला प्रत्येक जण निघण्याआधी वाकून तेवढं बघायचा. पिवळं दिसलं की निर्धास्त. ती पिवळ्या रंगाची डबी आमच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

माझा धाकटा भाऊ ह्यांच्याच हाताखाली शिकला. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. मी त्याला घरी आणलं, माझ्याच ताटातलं भरवलं. हात बरा होता त्याचा, तोंड त्याहून बरं. लग्न झाल्यावर स्वतःचं गॅरेज काढायची घाई झाली. गिऱ्हाईक भावजींकडेच जातं, मला कोणी विचारत नाही, ही त्याची कायमची रड.

इथल्या शाळेतल्या गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी ह्यांच्या जीपसारखीच जुनी फोर-बाय-फोर घेतली. लोक फिदीफिदी हसले. हे हसले नाहीत. ह्यांनी बाईंना गाडीखाली वाकायला लावलं, एकेक बोल्ट दाखवला, नवे पाटे बसवून पांढरी रेघ ओढली आणि शंभर किलोमीटर चालवून या म्हणून सांगितलं. बाई शनिवारी आल्या आणि गाडी आमच्या दारात लावून घरी गेल्या. हे पंपावर, बदलीचा माणूस आजारी म्हणून दोन पाळ्या करत होते. रविवारी तर बाईंना टोळीबरोबर पहिल्यांदा डोंगरात जायचं होतं.

दुपारी भाऊ घरी आला. म्हणाला, ताई, भावजींचा फोन होता, बाईंची गाडी मलाच उरकायला सांगितलीय, पिवळी डबी दे. मी दिली. का नाही देणार, सख्खा भाऊ. लांब पाना दाराआड उभा होता. तो त्यानं नेला नाही. मी बघितलं ते. मनाशी म्हटलं, असेल त्याच्याकडे दुसरा. तसा दुसरा पाना त्याच्याकडे नव्हता हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असून मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

संध्याकाळी बाईंनी वाकून पिवळं बघितलं आणि ह्यांनीच ओढलं असं धरून गाडी नेली. रविवारी उतारावर मागचा ॲक्सल सरकून तिरका झाला आणि बाईंची गाडी एका कुशीवर पडली. बाईंचा खांदा निखळला, हात दोन ठिकाणी मोडला. लोकांनी खाली वाकून पाहिलं. पिवळी रेघ जागच्या जागी होती आणि नट बोटांनी फिरत होते.

पुढच्या रविवारी टोळी पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये जमली. मीही ह्यांच्याबरोबर गेले. कोणी आवाज चढवला नाही, पण एकानंही ह्यांना बसायला खुर्ची सरकवली नाही. ह्यांनी काही बोलायच्या आत माझा भाऊ उठला आणि चेहरा पाडून, अगदी साळसूदपणे म्हणाला, "भावजींचा हात हल्ली थरथरतो. मी कितीदा म्हटलं, मला करू द्या. ऐकतात कुठे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात थरथरतो? अहो, अजून सुईत दोरा मला हे ओवून देतात. केसानं गळा कापला मेल्यानं, आणि तोही ज्यानं त्याला पाना धरायला शिकवलं त्याचा. मी उठून त्याचं थोबाड रंगवायला हवं होतं. नाही उठले. खोटं कशाला सांगू, घाबरले. त्याचं गॅरेज पुढच्या महिन्यात उघडणार होतं, भावजयीला दिवस गेलेले, आणि डबी तर मीच दिलेली. हे माझ्याकडे बघत होते. मी मूग गिळून खाली फरशीकडे बघत राहिले.

बराच वेळ गेला. मग हे म्हणाले, "रेघ पिवळी आहे ना? मग ती माझीच." आणि बाहेर जाऊन जीपमध्ये बसले.

त्या दिवसापासून आमचा फोन मुका झाला. हे कामावर जायचे, यायचे, जेवायचे. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत.

आठव्या दिवशी मी भावाकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. भावजींचा फोन आलाच नव्हता, बाईंची घाई होती म्हणाला, आणि एक वेळ नुसती रेघ ओढली तर काय आभाळ कोसळणार होतं, असं वाटलं म्हणे. मग हळूच म्हणाला, "आणि डबी कोणी दिली, ताई? तोंड उघडलंस तर तूही अडकशील." ज्याचं नाक मी पदरानं पुसलं होतं, तो मला धमकी देत होता. त्याच्या दारात मला रडू फुटलं, आणि त्यानं आत ये असंही म्हटलं नाही.

तिथून मी तडक बाईंच्या घरी गेले. बाई प्लॅस्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, डबीचं सांगितलं, दाराआडच्या पान्याचंही सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, हे मला केव्हा कळलं होतं. मी म्हटलं, त्याच शनिवारी. संध्याकाळपर्यंत त्यांनी टोळीतल्या एकेकाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी आले, ह्यांची माफी मागितली, दोघांचे तर डोळे भरले. भावाच्या गॅरेजात टोळीतलं कोणी जात नाही. मी त्याच्याशी बोलत नाही, तोही बोलत नाही. फोन पुन्हा वाजायला लागला आणि जेवण पुन्हा गार व्हायला लागलं. मला वाटलं, सुटलो.

परवा सकाळी हे जीपखाली आडवे होते, पाय तेवढे बाहेर. मी चहा घेऊन गेले. इतके दिवस मनात होतं ते विचारून टाकलं, की तुम्हाला तर रेघ बघताक्षणी कळलं असणार, मग त्या दिवशी शेडमध्ये गप्प का राहिलात? माझ्या भावाला वाचवायला?

"त्याला कशाला वाचवू?" गाडीखालून आवाज आला. "कपाटाची किल्ली तुझ्याकडे असते. मी तुझ्याकडे बघत होतो. तू बोलशील म्हणून थांबलो."

"अहो, मग सांगितलं ना मी शेवटी," मी म्हटलं.

"सांगितलंस," हे म्हणाले. "बाईंना."