नळीत अडकलेली गोळी

मी भाऊंचं मनगट धरलं, हे खरं आहे. फायरिंग लाइनवर भरलेलं रिव्हॉल्व्हर हातात असलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, हेही खरं आहे. मला पहिल्याच दिवशी हा नियम शिकवला होता, तोही भाऊंनीच. पण धरलं नसतं तर काय झालं असतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी इथे कुवेतमध्ये एका दवाखान्याच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मूळची परभणीची. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला रायफल चालवली होती, तेवढाच माझा बंदुकीशी संबंध. मुलगी मोठी झाली, शुक्रवारच्या सुट्टीची सकाळ रिकामी राहायला लागली, तेव्हा नवऱ्याच्या ओळखीतून भाऊ भेटले. भाऊ मूळचे पुण्याचे, एका मोठ्या कंत्राटी कंपनीत मॅनेजर, वीस-बावीस वर्षं इथे. सगळे त्यांना भाऊच म्हणतात. हौशी पिस्तूल नेमबाजांचा आमचा पंधरा-वीस जणांचा गट त्यांनीच जमवलेला. सुलैबियाच्या पलीकडे, वस्ती संपते तिथे रेंज आहे. शस्त्रं रेंजची, काडतुसं रेंजची, आपण फक्त इकामा, म्हणजे नोकरीच्या कंपनीमार्फत मिळणारा राहण्याचा परवाना, दाखवायचा, सही करायची आणि उभं राहायचं.

मला ते उभं राहणं आवडायला लागलं. एक हात खिशात, दुसऱ्या हातात सव्वा किलो लोखंड, पंचवीस मीटरवर काळं वर्तुळ. आठवडाभर लॅबमध्ये कुणी ना कुणी ओरडत असतं, रिपोर्ट कधी, रिपोर्ट कुठे. इथे कानांवर संरक्षक चढवले की जग बंद. मी आधी पॉइंट टू टू पिस्तूल चालवलं, मग रिव्हॉल्व्हरवर आले. रिव्हॉल्व्हर फारसं कुणाला नको असायचं. चाप जड, झटका जास्त. मला मात्र ते प्रामाणिक वाटायचं. चूक केली की लगेच टार्गेटवर दिसते.

रिव्हॉल्व्हरची स्पर्धेची हलकी काडतुसं बाहेरून कधी यायची, कधी महिनोन् महिने यायची नाहीत. म्हणून भाऊंनी रेंजच्या मुदीरकडून, म्हणजे व्यवस्थापकाकडून, खास परवानगी काढली होती. शस्त्रागाराच्या आतल्या खोलीत एक हाताने चालवायचा प्रेस बसवला होता. रिकाम्या पुंगळ्या गोळा करायच्या, बुडाची ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू टाकायची आणि वर गोळी दाबून बसवायची. याला रिलोडिंग म्हणतात. भाऊंना त्याचा फार अभिमान. "वहिनी, फॅक्टरीच्या मालात हा मऊपणा नाही मिळायचा," असं म्हणायचे आणि पेढा हातावर ठेवावा तसं काडतूस माझ्या तळहातावर ठेवायचे.

मी त्यांना पुंगळ्या निवडायला मदत करायची. चिरलेल्या बाजूला, चांगल्या डब्यात. तेव्हा बघायचे, भाऊंच्या एका हातात प्रेसचा दांडा आणि दुसऱ्या हातात फोन. साइटवरच्या कुणाला तरी झापताहेत, काँक्रीटची गाडी अजून का आली नाही म्हणून, आणि इकडे दांडा वरखाली चाललाय. मध्येच थांबायचे, बोलून झालं की पुन्हा सुरू. मघाशी दारू टाकून झाली होती की नव्हती, हे त्यांना कसं कळत असेल?

मी एकदा म्हटलं, "भाऊ, गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघायला हवं ना? आम्ही लॅबमध्ये रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेलं सॅम्पल, लावल्याशिवाय पेशंटचं एक सॅम्पल चालवत नाही."

"ही काही रक्तलघवीची तपासणी नाही, वहिनी," भाऊ म्हणाले. खोलीतले दोघं-तिघं हसले. मीही हसले.

त्या माझ्या हसण्याचा राग मला भाऊंवरच्या रागाहून जास्त येतो. मला दिसत होतं, कळत होतं, तरी मी हसले. रेंजवर मी एकटीच बाई, मला आणलं भाऊंनी, चहा पाजायचे भाऊ, घरी जाताना रिग्गईपर्यंत सोडायचे भाऊ. म्हणून मी गप्प बसले आणि पुंगळ्या निवडत राहिले.

त्या शुक्रवारी आमची महिन्याची स्पर्धा होती. रेंज ऑफिसर म्हणून भाऊच उभे होते. माझ्या शेजारच्या लेनवर आमचे फिटर. कणकवलीकडचे, वय पन्नाशीचं, भाऊंच्याच कंपनीच्या अर्दियाच्या वर्कशॉपमध्ये काम करतात आणि कंपनीच्याच खोलीत सहा जणांत राहतात. कंपनीच्या खेळांच्या दिवशी त्यांचा स्थिर हात बघून भाऊंनीच त्यांना आणलं होतं. आमच्या दोघांच्या मधल्या टेबलावर भाऊंनी भरलेल्या काडतुसांचा एकच ट्रे होता. दोघंही त्यातूनच उचलत होतो.

वेगाची फेरी सुरू झाली. यात टार्गेट तीन सेकंद तुमच्याकडे तोंड करतं, तेवढ्यात हात वर आणून एक गोळी मारायची. मग ते सात सेकंद वळतं. असं पाच वेळा. दोन गोळ्या चांगल्या बसल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला आणि हात उडालाच नाही. कानावरच्या संरक्षकातून नुसतं 'ढप्' ऐकू आलं, कुणी उशीवर थाप मारावी तसं. टार्गेटवर नवं भोक नव्हतं.

पुंगळीत दारूच नसली की असं होतं. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी पुढे सरकते आणि नळीतच अडकते. बाहेरून काही दिसत नाही. तिच्यामागे दुसरी गोळी सोडली, तर नळी फुगते किंवा फुटते, आणि ती तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते.

टार्गेट पुन्हा वळलं. इतक्या महिन्यांच्या सरावाने माझा हात आपोआप वर यायला लागला होता. मी तो खाली आणला. नळी समोरच ठेवून रिव्हॉल्व्हर टेबलावर टेकवलं आणि डावा हात वर केला.

भाऊ मागून आले. "काय झालं? थांबलात का?"

"आवाज वेगळा आला. नळीत गोळी अडकली असणार."

"काही नाही हो. मिसफायर असेल. मारा पुढची."

"मी नाही मारणार, भाऊ."

"घाबरल्या वहिनी," ते मागे वळून बाकीच्यांना म्हणाले. मग माझ्यासमोरचं रिव्हॉल्व्हर उचललं. "आणा इकडे. मी दाखवतो."

आत अजून दोन जिवंत काडतुसं होती. त्यांनी हात लांब केला, अंगठ्याने घोडा मागे ओढला. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि टेबलावर दाबलं.

"सोडा! बोट बाहेर काढा!" मी ओरडले. मी अशी ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं.

लाइन थांबली. आवाज ऐकून शस्त्रागार सांभाळणारा कुवेती अधिकारी धावत आला. त्याने आधी घोडा हळूच उतरवला, चक्री उघडून काडतुसं काढली. मग नळीच्या तोंडातून साफ करायची पितळी सळई आत सरकवली. ती अर्ध्यावर जाऊन थांबली. त्याने पुन्हा ढकलून पाहिलं. ती हलेना. त्याने भाऊंकडे बघितलं, "खलास" म्हणाला आणि रिव्हॉल्व्हर आणि ट्रे दोन्ही घेऊन गेला.

मला वाटलं, आता भाऊ काहीतरी बोलतील. 'थोडक्यात वाचलो' म्हणतील. माफी मागावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. ते नुसते पार्किंगकडे चालते झाले. मी टॅक्सीने घरी आले. तोवर गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आलेला होता: 'आज एका सदस्याने भावनेच्या भरात लाइनवर शिस्तभंग केला. अशा प्रकारांमुळे सर्वांच्या जीवाला धोका होतो.' खाली हात जोडलेले अकरा इमोजी.

रविवारी ड्युटी संपल्यावर मुदीरने बोलावलं. तक्रार भाऊंनी माझ्याविरुद्ध केली होती, आणि ते तिथे आधीच येऊन बसले होते. मुदीर वयस्क, शांत माणूस. त्याने मला दोनच प्रश्न विचारले. हात धरला का? हो. नियम माहीत होता का? हो. मग म्हणाला, "आणखी काही सांगायचंय?"

"ट्रेमधली उरलेली काडतुसं उघडून बघा," मी म्हटलं.

भाऊ पटकन म्हणाले, "उघडायची कशाला? वजन करा. सगळी सारखी भरतील."

"पुंगळ्यांचंच वजन कमीजास्त असतं," मी म्हटलं. "दारू इतकी थोडी असते की तिचा फरक त्यात लपून जातो. उघडूनच कळेल." हे भाऊंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणूनच ते वजनाचं बोलले. त्या क्षणी मला त्यांचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याने आमच्यासमोर एकेक काडतूस उघडलं आणि दारू छोट्या काट्यावर मोजली. बरीचशी बरोबर होती. दोन पूर्ण रिकामी निघाली. आणि एकात दुप्पट दारू होती. दुप्पट म्हणजे नळीचं सोडाच, चक्रीच फुटण्याची भीती. ते काडतूस ट्रेच्या फिटरांकडच्या बाजूला होतं. पुढच्या मालिकेत ते त्यांनी उचललं असतं. नट-बोल्टवर पोट असलेल्या माणसाच्या उजव्या हातात ते फुटलं असतं.

"मशीनचा दोष," भाऊ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आणि पुंगळ्या निवडायला वहिनीही असायच्या."

मी उठून उभी राहिले. काय बोलले ते नीट आठवत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र बाहेर पडलं. मुदीरने हाताने खाली बसायची खूण केली आणि साक्षीदार म्हणून फिटरांना आत बोलावलं. ते माझ्यापासून दोन पावलांवर उभे होते. सगळं त्यांच्यासमोर घडलं होतं.

"कानावर लावलं होतं, साहेब," ते हिंदीत म्हणाले. "काही ऐकू आलं नाही. टार्गेटकडे बघत होतो."

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "तुमचा हात गेला असता! कळतंय का तुम्हाला? तुमचा!"

ते खाली बघत होते. "ताई, माझो इकामो त्येंच्या कंपनीत आसा. मी काय बोलतलंय?"

"मग मी कुणासाठी भांडतेय?"

"सोडा ओ आता, ताई."

मी त्यांनाही बोलले. नको तेवढं बोलले. सहा जणांच्या खोलीत राहून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हटलं. त्याची लाज मला त्याच संध्याकाळी वाटली, पण राग काही कमी झाला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

निकाल आठवड्याभराने लागला. प्रेस खोलीतून हलवला, रिलोडिंग कायमचं बंद. भाऊंना रेंज ऑफिसरचं काम बंद, पण सदस्यत्व कायम. आणि मला लेखी ताकीद, लाइनवर सशस्त्र नेमबाजाला हात लावल्याबद्दल. कागद अरबीत होता. मी लॅबमधल्या सहकाऱ्याकडून शब्दन् शब्द वाचून घेतला. नळीतल्या गोळीचा त्यात उल्लेखही नव्हता. सही केली नाही तर प्रवेश बंद होणार होता. मी सही केली.

घरी नवरा म्हणाला, "तू बरोबरच आहेस, पण हात धरायला नको होतास." त्या 'पण'वरून आम्ही तीन दिवस बोललो नाही. मुलगी हेडफोन काढून म्हणाली, "मम्मा, यू वेअर राइट. सो व्हाय आर यू स्टिल मॅड?" 

महिन्याभरात गटाने नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. त्यात मी नाही. गणपतीच्या कार्यक्रमात गटातल्या एका नेमबाजाच्या पत्नी मला म्हणाल्या, "तुमच्यामुळे रिव्हॉल्व्हरची स्पर्धा बंद पडली म्हणे." मी म्हटलं, "हो. आणि तुमच्या यजमानांची दहाही बोटं शाबूत आहेत." त्या प्रसादाचं ताट घेऊन निघून गेल्या.

आता मी मंगळवारी संध्याकाळी जाते. फॅक्टरीची काडतुसं असतील तर रिव्हॉल्व्हर, नाही तर पॉइंट टू टू. गुण पूर्वीपेक्षा कमी पडतात. चाप ओढायच्या ऐन वेळी भाऊंचा चेहरा आठवतो आणि बोट झटका देतं. गोळी खाली डावीकडे जाते. शस्त्रागारातला तो अधिकारी टार्गेट बघून मान हलवतो आणि श्वास सोडायची खूण करतो.

मागच्या मंगळवारी फिटर आले. एकटेच, कंपनीच्या गाडीशिवाय, दोन बस बदलून. त्यांनी दुसऱ्या कंपनीत बदली मागितली आहे, कागद अजून हातात आले नाहीत, असं त्यांनी न विचारता सांगितलं. मग शेजारच्या लेनकडे बोट दाखवून म्हणाले, "हय उभो रवू काय?"

"राहा," मी म्हटलं.

त्यांनी ट्रेमधलं प्रत्येक काडतूस उचलून, दिव्याकडे धरून, फिरवून बघितलं. फॅक्टरीचं बंद काडतूस असं बघून काही कळत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. तासभर आम्ही नेम मारले. निघताना ते चहाला चला म्हणाले. मी गेले नाही. एवढ्यात तरी जाणार नाही.