आधी लिंपायचं नाही

नळदुरुस्ती करणाऱ्या मामांचा एक नियम साऱ्या गल्लीला पाठ होता: गळती दिसली की मला बोलवा, आधी काही लिंपू नका. कुणी पाइपवर पुट्टी थापलेली दिसली की ते डोक्याला हात लावायचे. "आता गळतंय कुठून ते मी स्वप्नात बघू?"

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःला ताप येत-जात होता, पाठ धरली होती, तरी "दगदग झाली असेल" यापुढे गाडी सरकेना. मामींनी बोलून बोलून घसा बसवून घेतला, तेव्हा कुठे स्वारी इस्पितळात आली. निघालं भलतंच. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला फुगवटा आला होता. फुटला असता तर खेळ खलास.

"हा जंतूंनी केला असेल तर पोट उघडून सडका तुकडा काढावाच लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसता वयाचा असेल तर जांघेतून आत नळी सरकवून भागेल. मात्र सडक्या जागी नळी बसवली तर तीही सडेल."

फोटोत नक्की कळेना. ताप उतरलेला, रक्तात जंतू नाही.

"घरी कसल्या गोळ्या चालू होत्या?"

"एकही नाही," मामांनी छातीठोकपणे सांगितलं. शेवटी नळीच घालायचं ठरलं.

नळी घालायच्या आदल्या दिवशी मामांना तपासणीला नेलं होतं. वॉर्डातल्या नळाच्या टपटपीने मामींचं डोकं उठलं. मामांनी हट्टाने आणलेली हत्यारांची पिशवी पलंगाखाली होतीच. इतक्या वर्षांच्या संसारात वायसर बदलायला त्याही शिकल्या होत्या. त्यांनी वायसरचा डबा उघडला. आत अँटिबायोटिकची अर्धीमुर्धी संपलेली पाकिटं.

"हे काय?" मामा परतताच त्या कडाडल्या.

"ताप आला की एखादी घ्यायचो. इथंही घेतली. ताप नसला तर फाडणार नाहीत, म्हणून... भीती वाटते गं."

"लोकांनी पाइप लिंपला की त्यांचा उद्धार करता, आणि स्वतःचाच लिंपून बसलात? त्या बाईंनी जंतू कुठं बघायचा, स्वप्नात?" मामींचा आवाज फाटला. "मेला असतात हो, माझ्या डोळ्यांदेखत!"

पाकिटं घेऊन मामी तडक डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनीही डोक्याला हात लावला, नळी रद्द केली आणि पोट उघडलं. आत पू निघाला. जंतू त्या काढलेल्या तुकड्यात सापडला आणि त्याच्यावरचं नेमकं औषध सुरू झालं.

शुद्धीवर येऊन वॉर्डात परतल्यावर मामांनी कान टवकारले. "नळ अजून गळतोय?"

"गळतोय," मामी डोळे पुसत म्हणाल्या. "कुणाला हात लावू दिला नाही. उठा आणि तुम्हीच बघा."