फोनच्या लाइनीतली टकटक

लग्न होऊन वरवट बकालला आले तेव्हा घरात लँडलाइन फोन होता आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड. आमचं घर गावाच्या अगदी टोकाला. मोबाइलचं नेट तिथवर धड पोचायचं नाही. म्हणून त्या तारेच्या भरवशावर मी पुण्याच्या एका कंपनीचं काम धरलं. डॉक्टरांनी रेकॉर्डरवर बोलून ठेवलेलं ऐकायचं, टाइप करायचं, पाठवायचं. काम मला मनापासून आवडायचं.

मका निसवायच्या, त्याला तुरे फुटायच्या सुमारास नेट मरायला लागलं. फाइल अर्ध्यात तुटायची. मॉडेमचा दिवा विझायचा, लुकलुकायचा, परत लागायचा. पुण्याहून मेसेज यायचे, 'गावाकडे हे चालायचंच का?' मी दात ओठ खात कस्टमर केअरला फोन लावायची.

"मॅडम, मॉडेम बंद करून चालू करा."

केला.

"फ्रिजपासून लांब ठेवा. वायफायमध्ये अडथळा येतो."

ठेवला.

"मायक्रोवेव्ह वापरू नका."

"ताई, आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही."

"मग शेजाऱ्यांकडे असेल."

आमच्या शेजारी घर नव्हतंच, शेत होतं. तिला ते सांगेपर्यंत फोन कटला.

मी वायफाय बंद केलं आणि मॉडेमपासून थेट लॅपटॉपला वायर जोडली. तरी नेट तुटलंच. म्हणजे दोष वायफायचा नव्हता, बाहेरून येणाऱ्या लाइनीतच काहीतरी होतं. एवढं मला कळलं होतं. तक्रारी करून करून शेवटी फोन कंपनीचा माणूस आला. त्यानं मोबाइलमध्ये कसलंसं ॲप उघडलं आणि नवरा कोपऱ्यात उभा होता त्याच्याकडे बघून बोलला, "लाइन क्लिअर हाय साहेब. वायफाय वीक हाय. नवा राउटर घ्या."

"वायर जोडूनही तुटते," मी म्हटलं.

"साहेब, मॅडमले समजावून सांगा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिसीव्हर उचलून मी त्याच्या कानाशी धरला. आत टक... टक... टक... असा आवाज सारखा चालू होता. "हे काय आहे?"

"जुनी लाइन हाय, आवाज राह्यतेच," म्हणून त्यानं गाडीला किक मारली. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." त्या तीन शब्दांचाही मला राग आला. काम माझं बुडत होतं.

पुढे एकदा मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तोच आवाज मला उघड्यावर ऐकू आला. चट... चट... चट. शेजारच्या शेताच्या कुंपणावरून. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं गवत वाढून कुंपणाच्या तारेला टेकलं होतं आणि तिथे बारीक ठिणगी उडत होती. मी ओल्या हातांनी आत पळाले, रिसीव्हर कानाला लावून खिडकीत उभी राहिले. दोन्ही आवाजांचा ठेका एकच होता. आमच्या फोनची तारही त्याच धुऱ्यावरून खांबाखांबानं येत होती.

शेत चाचांचं. आमच्या सासऱ्यांचे जुने दोस्त, मला बेटा म्हणायचे. आधी त्यांची सगळी कपाशी असायची. अळी लागणारच नाही असं सांगून विकलेल्या बीटी बियाण्याच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली, तेव्हा त्यांनी उभी पऱ्हाटी उपटली आणि पुढच्या साली मका पेरला. मक्यामागं रानडुकरं आली, रोही म्हणजे नीलगायी आल्या, आणि म्हणून कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी झटका मशीन आली. रोही दिवसाढवळ्याही शिरायच्या, त्यामुळे ती बंद अशी कधी नसायचीच.

"चाचा, मशीन थोडी बंद करून पाहता का? माह्या लाइनीवर तिचाच आवाज येऊन राह्यला."

"मशीनचा आन् नेटचा काय संबंध बेटा?" म्हणाले, पण दुपारी बंद केली.

टकटक थांबली. दिवा विझला नाही. अडकलेल्या सगळ्या फाइली धडाधड गेल्या. मी कामात बुडाले, चाचाही कशाला तरी बाजारात गेले आणि मशीन तशीच बंद राहिली. ऊन उतरता उतरता दारात त्यांचा आवाज आला.

"चाललं ना तुहं नेट? आता चाल, पाहाले!"

रोहींचा कळप शिरला होता. धुऱ्यालगतचा मका आडवा झाला होता. कणसं तुडवलेली, ताटं मोडलेली. चाचा ओरडले, "कपाशी अळीनं खाल्ली, आता हे! काऊन ऐकलं मी तुहं?"

"मग मी काय करू? मले त्या कंपनीनं येडी ठरवलं, तुम्हीबी ठरवा!" मीही ओरडले.

 मग मी तिथूनच, मोबाइलला रेंज येते त्या बांधावर चढून फोन कंपनीला फोन लावला आणि चाचांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. उत्तर आलं, "शेतातल्या मशीनची जबाबदारी आमची नाही." चाचांनी मशीन विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "फोनची लाइन आमच्याकडे येत नाही." चाचांनी त्याला अशी कचकचीत शिवी हासडली की मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मशीनसोबतचा माहितीचा कागद मी वाचला: तारेला गवत टेकू देऊ नका, अर्थिंग फोनच्या लाइनीपासून लांब ठेवा. चाचांनी विळा घेतला, मी घेतला, नवराही आला. तारेला टेकलेलं गवत सगळं कापलं. तडकलेले इन्सुलेटर बदलले. मशीनच्या अर्थिंगची सळई टेलिफोनच्या खांबाच्या बुडाशीच ठोकली होती. ती उपटून पार विहिरीकडच्या ओल्या जागेत गाडली. मशीन चालू केली. फोनमध्ये कान देऊन ऐकावं तेव्हा कुठे पुसट टकटक. नेट टिकलं.

त्यानंतर कंपनीचा मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण करण्यात आलं आहे. मी फोन करून भांडले. "कोणी केलं निवारण? लिहा, आम्ही काही केलं नाही म्हणून." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, तक्रार बंद झाली आहे."

पुण्याचं काम तोवर गेलं होतं. नेट नीट झाल्याचं कळवलं तर उत्तरही आलं नाही. काही महिन्यांनी मला दुसरीकडे तसंच काम मिळालं आणि ते टिकलं. चाचांचा आतल्या बाजूचा मका वाचला. चाची पाटीभर कणसं घेऊन आली, चाचा मात्र बरेच दिवस आमच्या ओट्यावर बसले नाहीत. त्यांच्यावर मी रागावले नाही. रागावण्यासारखी माणसं फोनच्या पलीकडे होती. त्यांच्यावरचा राग अजून तसाच आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.