शहादेवची मिशी आणि रवीच्या गाडीतला दिवा

तेलगावच्या चौकात उतरलं, की शहादेवच्या गॅरेजआधी त्याची मिशी दिसते. काळी, भरघोस, दोन्ही टोकांना जराशी वर वळलेली. कुठलीही गाडी दुखणं घेऊन आली, की तो आधी सायलेन्सरमागे उकिडवा बसतो, डोळे मिटतो आणि आवाज ऐकतो. धुराने मिशी कशी हलते त्यावरून आपल्याला रोग कळतो, असं तो स्वतःच सांगतो.

"मिशीला कळतंय तर पाना तिच्याच हातात द्या की," शेजारी चहाचं हॉटेल चालवणारी त्याची बायको सिंधुबाई म्हणते. लग्न झाल्यापासून तिचं एकच मागणं आहे, मिशी काढा. पहिला घोट मिशी पिते, उरलेला चहा नवरा, ही तिची तक्रार.

या मिशीवर संकट आलं ते किराणावाल्या रवीमुळे. त्याने हौसेने आपल्या गाडीला चकचकीत नवा सायलेन्सर मागवला, पार पुढच्या पाइपासकट. पाइप बदलायचा म्हणजे त्यात बसलेला ऑक्सिजन सेन्सर काढून नव्या पाइपात बसवायचा. अंगठ्याएवढी ही वस्तू धुराचा वास घेते आणि पेट्रोल जास्त जळतंय की कमी, ते इंजिनाला कळवते. जुना सेन्सर गंजून घट्ट बसला होता. काढताना त्याचे आटेच गेले. रवीने बीडहून नवा आणला, रात्रभर घरी ठेवला आणि सकाळी आणून दिला. शहादेवने तो बसवला. गाडी गावाबाहेरच्या साखर कारखान्यापर्यंत जाऊन आली आणि स्टेअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

शहादेवने पाइपाच्या जोडांवर साबणाचं पाणी टाकलं. बुडबुडा नाही. वायर तपासली. धड. रवीने दुसरा सेन्सर आणला. पुन्हा कारखाना, पुन्हा दिवा.

"मामा, सोमवारी आईला कपिलधारला दर्शनाला न्यायचंय," रवी म्हणाला. "ती म्हणतीय, पिवळा डोळा वटारलेल्या गाडीत मी बसत न्हाई."

हॉटेलात चहा पीत बसलेली माणसं हसली. एक जण म्हणाला, "शहादेव, मिशीला सर्दी झाली का बे?"

शहादेवला हे लागलं. तो उठून उभा राहिला. "सोमवारपत्तुर दिवा विझला न्हाई, तर ही मिशी भर चौकात उतरवीन."

सिंधुबाईने चहा गाळता गाळता मान वर केली. "समदे ऐकून ठेवा बरं का," ती शांतपणे म्हणाली. दुपारी तिने नवं ब्लेड आणून साखरेच्या डब्याशेजारी ठेवलं.

सोमवारी सकाळी रवी तिसरा सेन्सर घेऊन आला. सोबत त्याची आई दानम्मा होती, दर्शनाला निघायच्या तयारीत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. शहादेवने डबी उघडली, टोपण काढलं. सेन्सरचं बारीक भोकांचं टोक आधीच्या दोन्हींसारखंच पांढरं होतं.

"कंपनी पावडर लई लावतीय," तो म्हणाला.

"कंपनी कशाची?" दानम्मा म्हणाली. "मी लावली. नवी वस्तू घरात आली की विभूती लावल्याबिगर मी वापरू देत न्हाई. फ्रिजला लावली, मिक्सरला लावली. ह्याला कावून न्हाई?"

शहादेव खालीच बसला. दोन्ही वेळा त्याने ती पांढरी पूड पाहिली होती आणि कंपनीनेच लावली असणार म्हणून पुसायची सोडून उलट जपली होती.

"काकू, पण ह्या टोकालाच का?"

"ते डोकं हाय त्याचं. विभूती डोक्याला लावतेत. वायरीकडून शेपूट हाय."

"ह्याचं ते नाक हाय, काकू. नाकात विभूती गेल्यावर त्यानं वास कसा घ्यावा?"

दानम्माने विचार केला. "मग लावायची कुठं? न लावता मी बसणार न्हाई."

हॉटेलात सिंधुबाई ब्लेडचा कागद सोडवत होती. शहादेवने ते पाहिलं.

"मागं लावा, सायलेन्सरला," तो घाईने म्हणाला.

"शेपटाला?"

"गाडीचं तोंड मागंच असतंय. आवाज कुठून काढती ती?"

हे दानम्माला पटलं. भोकांत बसलेली विभूती काही निघेना, म्हणून रवीने मोटारसायकलवर बीडला जाऊन आणखी एक सेन्सर आणला आणि या वेळी डबी थेट शहादेवच्या हातात दिली. सेन्सर बसेस्तोवर दानम्मा सायलेन्सरच्या तोंडाला विभूती लावत होती. तीन पट्टे बाहेरून झाले, उरलेली मूठ तिने मायेने आत सोडली. काम संपवून शहादेव सवयीप्रमाणे मागे येऊन बसला. डोळे मिटले.

"मार सेल, रवी."

नव्या सायलेन्सरने पहिलाच हुंकार दिला आणि सगळी विभूती शहादेवच्या मिशीत येऊन बसली.

गाडी कारखान्यापर्यंत जाऊन आली. दिवा लागला नाही. "बघ, तोंडालाच लावायची राहिलती," दानम्मा म्हणाली आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसली. गाडी दणाणत कपिलधारच्या वाटेला लागली.

शहादेव मोठ्या ऐटीत हॉटेलात येऊन टेकला. बायको आपल्याकडे अशी एकटक का बघते, ते त्याला कळेना. सिंधुबाईने भिंतीवरचा आरसा काढून त्याच्यापुढे धरला. आत पांढऱ्याशुभ्र मिशीचा एक म्हातारा चकित होऊन बसला होता.

"ब्लेड ठेवून देते," ती म्हणाली. "ह्या पाव्हण्याची मिशी बरी दिसतीय."

तिने चहा पुढे केला. पहिला घोट त्या दिवशीही मिशीनेच घेतला, विभूतीसकट.